जनरलला मराठी, स्पेशलला ग्रीक

"सही कुटं करायची तेवढं सांगा," तात्या म्हणाले.

ते खाटेच्या कडेला बसले होते. एका पायात वहाण, दुसऱ्या पायाला बँडेज. पिशवी भरलेली, टॉवेल खांद्यावर. त्यांच्या मिसेस मालनकाकू खाटेखालचा डबा ओढून बाहेर काढत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. वॉर्डमधल्या सिस्टरनं मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मॅडम, डामा होतोय, लवकर या."

डामा म्हणजे डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस. डॉक्टर नको म्हणत असताना पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर घरी निघतो, तेव्हा त्याच्याकडून तशी सही घेतात. सही झाली की हॉस्पिटल सुटलं. पुढं पेशंटचं काय होतं ते पेशंट आणि त्याचं नशीब बघून घेतात. डामा होऊ न देणं हे माझ्या नोकरीतलं एक काम.

मी मूळची नर्सिंग ट्यूटर. मुलींना अ‍ॅनाटॉमी आणि मेडिकल टर्मिनॉलॉजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलनं मला पेशंट काउन्सेलर म्हणून बोलावलं. डॉक्टर जे बोलतात ते पेशंटला कळेल असं सांगायचं, हे काम. डॉक्टर सोलापूरचे, पेशंट सोलापूर जिल्ह्यातले, तरी मध्ये दुभाषी लागते. कारण डॉक्टर ग्रीक बोलतात.

हे मी चेष्टेनं म्हणत नाही. आजारांची बहुतेक लांबलचक नावं ग्रीक भाषेतूनच आलेली आहेत. ती दिसायला भयंकर असतात, पण आपल्या 'स्वयंपाकघर'सारखीच तुकडे जोडून केलेली असतात. मी मुलींना सांगायचे, शब्द शेपटीकडून धरा. शेवटी 'आयटिस' आलं तर दाह. 'आल्जिया' आलं तर दुखणं. 'पॅथी' आलं तर बिघाड. 'एक्टमी' आलं तर काहीतरी कापून काढणार आहेत, नातेवाइकांना बोलवा. मग पुढचा तुकडा बघा, तो अवयव सांगतो. गॅस्ट्रो पोट, नेफ्रो मूत्रपिंड, ऑस्टिओ हाड, सेफॅलो डोकं. सेफॅलाल्जिया म्हणजे साधी डोकेदुखी. ग्रीसमधली एखादी सासू कपाळाला फडकं बांधून सुनेला हेच सांगत असेल.

उच्चाराची तऱ्हा वेगळीच. न्यूमोनियाच्या आधी इंग्रजीत एक पी असतो. सोरायसिसच्या आधीही असतो. तो लिहायचा, पण म्हणायचा नाही. दरवर्षी फर्स्ट इयरच्या मुली 'प्न्यूमोनिया' म्हणून तोंड वाकडं करून घ्यायच्या. मी सांगायचे, हा पी म्हणजे मांडवातला रुसलेला जावई समजा. त्याला खुर्ची द्यायची, काम सांगायचं नाही.

तर अशी मी, आयुष्यभर ग्रीकचं मराठी करणारी. त्यात आमच्याकडं निखिल नावाचे ऑपरेशन्स हेड आले. पुण्याहून आले, एमबीए, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. त्यांनी आल्या आल्या 'पेशंट-फ्रेंडली लँग्वेज पॉलिसी' काढली. पेशंटला त्याच्या भाषेत, सोप्या शब्दांत सांगा. मला मनापासून आनंद झाला. मीटिंग संपल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे जनरल वॉर्डसाठी. स्पेशल रूम्सना लागू करू नका."

"का बरं? त्यांना मराठी येत नाही?"

"तसं नाही. तिथला पेशंट एक एक्स्पीरियन्स घ्यायला येतो. त्याला 'तुम्हाला गॅस झालाय' असं ऐकायचं नसतं."

"आणि झालेला गॅसच असेल तर?"

"तर डॉक्टर बघतील ना," निखिल म्हणाले.

डॉक्टरांनी बरोबर बघितलं. त्या दिवसापासून आमच्याकडं खाली जनरलला मराठी आणि वर स्पेशलला ग्रीक चालू झालं. आणि त्यातच तात्यांचा पाय अडकला.

तात्या वैराग गावचे. नाव बदललं आहे. या गोष्टीत माणसांची नावं मी बदलली आहेत, आजारांची बदललेली नाहीत. भुसार मालाची आडत, आता मुलगा बघतो. गावात शब्दाला वजन. कुणाची सोयरीक मोडायला आली, कुणाचं बांधावरून वाजलं, की तात्यांना बोलावणं. ऐपत होती, पण 'झोपाय खाट लागती, गारवा कशाला' म्हणून त्यांनी जनरल वॉर्ड घेतला. नवी वहाण लागून तळपायाला, बोटांच्या बुडाशी, फोड आला होता. शुगर जुनी. फोड दुखत नव्हता, म्हणून ते त्याच्यावरच चालत राहिले. आमच्याकडं आले तेव्हा फोडाच्या जागी खड्डा होता आणि एक्स-रेमध्ये आतलं हाड खराब झालेलं दिसत होतं.

सर्जन डॉ. येमुल यांनी त्यांना पॉलिसीप्रमाणे सांगितलं, "तात्या, पायाला फोड आला होता, तो चिघळून आत गेलाय. जखम ऑपरेशन करून साफ करायची, सलाइनमधून औषधं द्यायची. वेळेत केलं तर पाय वाचेल." मी शेजारीच उभी होते. इतकं स्वच्छ सांगणारे सर्जन मी फार थोडे पाहिलेत. येमुल इंटर्न होते तेव्हापासून मी त्यांना ओळखते, मला त्यांचा अभिमानही वाटला.

तात्यांनी त्या सगळ्यातून एकच शब्द उचलला. फोड.

नेमके त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर, स्पेशल रूममध्ये, रावसाहेब आले. हेही वैरागचे. दोघांच्या आडती समोरासमोर. एकानं शटर रंगवलं की दुसरा बोर्ड बदलतो, असं पिढीजात चाललेलं. रावसाहेबांना ढेकर येत होते आणि छातीत भरल्यासारखं वाटत होतं. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली. काही निघालं नाही. मग फिजिशियन डॉ. देवधरांनी चष्मा काढून, पुसून, परत घालून घरच्यांना सांगितलं, "एअरोफेजिया विथ फंक्शनल डिस्पेप्सिया." सूनबाई तिथंच रडायला लागल्या.

आता शेपटीकडून धरा. फेजिया म्हणजे खाणं, गिळणं. एअरो म्हणजे हवा. डिस म्हणजे वाईट, पेप्सिया म्हणजे पचन. फंक्शनल म्हणजे यंत्र शाबूत आहे, चालणं बिनसलंय. एकूण, रावसाहेब घाईघाईनं जेवताना हवा गिळतात आणि त्यांना पचत नाही. आपल्या घरातल्या म्हातारीनं ओव्याची फक्की दिली असती आणि हळू जेव म्हणून दटावलं असतं. पण रावसाहेबांनी हे नाव गावाकडं फोन करून करून कळवलं.

मग गावाकडून जीप आली. पेशंटला भेटायला जाणं हे आपल्याकडं लग्नाला जाण्याइतकंच चुकवता न येणारं. जीपभर माणसं येतात, शहाळी आणतात आणि पहिला प्रश्न विचारतात, 'काय निगालं?' या प्रश्नाला पेशंटकडं देण्यासारखं काहीतरी उत्तर असावं लागतं. वैरागकर आधी तात्यांच्या खाटेशी आले. काय निघालं? फोड. बरं बरं म्हणाले, तांब्यातलं पाणी प्यायले आणि रावसाहेबांकडं वर गेले. तिथं भेटीची वेळ संपेपर्यंत बसले. वॉचमननं हाकलल्यावर खाली उतरले. त्यांच्यातले जाणते बापू जाता जाता वॉर्डच्या दारातूनच म्हणाले, "तात्या, तुजं काय न्हाय, फोडच हाय. रावसायबाचं नाव ऐकूनच पोटात गोळा आला बग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी पिशवी भरली.

हे सगळं मला मालनकाकूंनी बाहेर पॅसेजमध्ये सांगितलं. "रातभर डोळ्याला डोळा न्हाय त्यांच्या. फोड आला म्हणून सोलापुरात जाऊन झोपलाय असं गाव म्हणंल, म्हणत्यात." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मला बोट काळं दिसाय लागलंय मॅडम. वास बी येतोय. मी दहांदा सांगितलं. पर माजं कोन ऐकतंय."

मी खरोखर घाबरले. बोट काळं पडायला लागलं की वाट बघायची नसते. विष घोट्याकडं चढलं की पाय कापावा लागतो, आणि तिथंही थांबलं नाही तर माणूस जातो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं आणि पेशंट सही मागत होता.

मी तात्यांसमोर स्टूल ओढून बसले. "डोळे मिटा बघू." त्यांनी मिटले. आमच्याकडं नायलॉनचा जाड दोरा असतो, तो पायाला टोचून संवेदना बघतात. मी तो दुसऱ्या, चांगल्या पायाला चार ठिकाणी टोचला. "कळलं का?"

"काय कळायचं? तुमी हातच लावला न्हाय की."

"लावला, तात्या. तुम्हाला कळत नाही. शुगरनं पायाच्या नसा गेल्या आहेत. म्हणून फोड दुखला नाही, म्हणून तुम्ही चालत राहिलात."

"मग बरंच हाय की. दुकत न्हाय म्हंजे बरं झालंय." त्यांनी वहाणेत बोटं नीट सरकवली. "आमच्याकडं फोडाला बिब्बा घालत्यात. सही कुटं करायची?"

मी सांगितलं, सही संध्याकाळी होईल, बिलिंगचं काम चालू आहे. हे वाक्य कुठल्याही हॉस्पिटलात कुठल्याही वेळी खरंच असतं. मग मी तडक येमुलांच्या ओपीडीत गेले.

"सर, तुमचं निदान बरोबर आहे. नाव लहान पडलं."

"काय?"

मी जीप सांगितली, रावसाहेब सांगितले, बापू सांगितले. येमुलांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी मराठीत सांगितलं म्हणून पेशंट पळतोय?"

"हो. आज भेटीच्या वेळी वॉर्डात या आणि सगळ्यांसमोर पूर्ण नाव घ्या. एक शब्दही खोटा नको. एक शब्दही सोडायचा मात्र नाही."

"पूर्ण नाव म्हणजे... डायबेटिक पॉलीन्यूरोपॅथी विथ मायक्रो... अँजिओ..." ते थांबले. "ट्यूटर मॅडम, आम्ही हे कधी म्हणत नाही हो. ऑस्टिओ म्हणतो आणि पुढं जातो."

खरं आहे ते. परीक्षा पास झाल्यावर डॉक्टर लांब नावं लिहितात, म्हणत नाहीत. वापरून वापरून नावं आखूड होतात. मी दार लावून घेतलं आणि फर्स्ट इयरच्या मुलीची घ्यावी तशी सर्जनची तयारी घेतली. "तुकड्यानं म्हणा. मायक्रो. अँजिओ. पॅथी. आता ऑस्टिओ. मायल. आयटिस."

"ऑस्टिओमायलायटिस. मला माहिती आहे, मॅडम."

"माहिती आहे, पण तुम्ही 'मायला'वर थांबता. वैरागच्या माणसांसमोर तिथं थांबू नका."

संध्याकाळी जीप परत आली. काल गर्दीमुळं राहिलेली माणसं होती आणि बापू पुन्हा होतेच. ती वर निघाली होती, तेवढ्यात येमुल तात्यांच्या खाटेशी येऊन उभे राहिले. मागं मी, एक सिस्टर आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. माणसं थबकली. हॉस्पिटलमध्ये पाकीट जेवढं मोठं तेवढी माणसं गप्प होतात.

येमुलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांना सुचलं. "तात्यांना," ते म्हणाले, "डायबेटिक पॉलीन्यूरोपॅथी विथ मायक्रोअँजिओपॅथी अँड ऑस्टिओमायलायटिस आहे."

शेजारच्या खाटेवरचा पेशंटही उठून बसला. बापूंनी टोपी काढून हातात घेतली.

"डाक्टर," ते म्हणाले, "रावसायबापरीस मोटं हाय का?"

"दुसऱ्या पेशंटबद्दल आम्हाला बोलता येत नाही," मी मध्येच म्हणाले, कारण येमुलांच्या ओठांवर 'ढेकर' आलेलं मला दिसत होतं.

"बोलू नका. नाव आमाला पाट हाय त्याचं." बापू मागं वळले. त्यांनी रावसाहेबांच्या आजाराचं नाव पुटपुटून बघितलं. मग येमुलांना तात्यांचं नाव परत सांगायला लावलं, आणि त्यांच्या मागोमाग तेही अडखळत म्हणून बघितलं. थोडा विचार केला आणि निकाल दिला, "रावसायबाचं एका दमात हुतंय. ह्याचं मदी थांबून श्वास घ्यावा लागतोय."

त्यानंतर कुणी वर गेलं नाही. एकानं शहाळं तात्यांच्या हातात दिलं, एकानं उशी सरळ केली. ऑपरेशनचं कळल्यावर बापूंनी दोन माणसं रात्री मुक्कामाला ठेवायचं परस्पर ठरवून टाकलं. तात्यांनी पायातली वहाण काढली आणि ते खाटेवर आडवे झाले. चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघ नव्हती, उलट कोर्टात जिंकून आल्यासारखी कळा होती.

माणसं गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, ते नाव मला नीट शिकवा. उद्या कुनी इचारलं तर सांगता आलं पायजे."

मग मी माझा जुना धंदा काढला. मालनकाकूही पायाशी येऊन बसल्या. "डायबेटिस म्हणजे आरपार वाहून जाणं. प्यालेलं पाणी अंगात ठरत नाही, सारखं लघवीला जावं लागतं, म्हणून त्या लोकांनी तसं नाव ठेवलं. पॉली म्हणजे पुष्कळ. न्यूरो म्हणजे नस. पॅथी म्हणजे बिघाड."

"पुष्कळ नसा बिगडल्या."

"म्हणून दुखत नाही. मायक्रो म्हणजे बारीक. अँजिओ म्हणजे रक्ताची नळी. पुढं परत पॅथी."

"बारक्या नळ्या बी गेल्या," तात्या हळू म्हणाले.

"म्हणून रक्त पोचत नाही आणि जखम भरत नाही. ऑस्टिओ म्हणजे हाड. मायल म्हणजे हाडातला मगज. आयटिस म्हणजे दाह."

"मगज म्हंजे, नळीतला असतो त्यो?"

"तोच."

तात्यांच्या चेहऱ्यावरची जिंकल्याची कळा उतरली होती. मग त्यांनी मान उचलून पायाकडं बघितलं, बहुधा आठवड्यात पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. "म्हंजे आत मगजापत्तूर गेलंय. पाय जाईल की माजा."

"उद्या साफ केलं तर नाही जायचा."

"मग हे आदी का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं होतं तात्या. मराठीत."

"मराठीत सांगितल्यावर कोन ऐकतंय मॅडम," तात्या म्हणाले. "मराठीत तर ही बी सांगत हुती."

मालनकाकूंनी पदर डोळ्याला लावला. त्या आठवड्यात त्यांच्या म्हणण्याला कुणी दिलेली ती पहिली पावती होती. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, पण पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. मग मला म्हणाले, "सही कुटं करायची?" मी ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढं केला.

सकाळी ऑपरेशन झालं. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं, थोडं हाड खरवडावं लागलं. पाय राहिला. येमुल बाहेर येऊन मला म्हणाले, "काल घरी गेले असते तर आज बोटावर भागलं नसतं."

मी समाधानानं चहा घेत होते, तेवढ्यात निखिल आले.

"मॅडम, जनरल वॉर्डला टर्मिनॉलॉजी कोणी दिली?"

"मी दिली."

"पॉलिसी तुम्हाला माहिती आहे. वरून कंप्लेंट आहे. पेशंटचं म्हणणं, खाली जास्त मोठा आजार दिला जातोय आणि वर स्पेशलचे चार्जेस घेऊन लहान दिलाय."

"मग तात्यांचं बोट परत लावायला सांगू का?"

"तसं नाही. रावसाहेबांचं नाव थोडं एक्स्टेंड होईल का, एवढंच बघा. देवधर सर तुमचं ऐकतात."

मला काही बघावं लागलं नाही. देवधर अनुभवी आहेत. त्यांनी त्याच दुपारी रावसाहेबांच्या नावापुढं 'क्रॉनिक इडिओपॅथिक' जोडून दिलं. क्रॉनिक म्हणजे बरेच दिवस चाललेलं. इडिओ म्हणजे स्वतःचं, आपलं आपण. पॅथिक म्हणजे आजाराचं. इडिओपॅथिक म्हणजे हा आजार आपला आपणच झाला आहे, म्हणजेच का झाला ते आम्हाला माहीत नाही. 'माहीत नाही' हे इतक्या भारदस्तपणे सांगता येणारी दुसरी भाषा मला माहीत नाही. रावसाहेब खूश झाले. गुलाबी सिरपची बाटली आणि ते नाव घेऊन घरी गेले. नाव म्हणताना आता त्यांनाही मध्ये थांबावं लागत होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी तात्या तपासणीला आले. पायात खास करून घेतलेला मऊ तळाचा बूट, चालणं सावकाश पण सरळ. त्यांच्या मागं, भिंतीला धरत, रावसाहेब. दोघं एका जीपमधून आले होते हे बघून मी उभीच राहिले.

"ह्याला बी फोड आलाय," तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले. "दुकत न्हाय म्हनतोय. म्हनून तर जबरीनं आनलाय. पर फोड म्हनू नका हं त्याला. मोटं नाव सांगा, न्हायतर जाईल पळून."

रावसाहेब मात्र मोठ्या उमेदीनं आले होते. बसल्या बसल्या त्यांनी पाय पुढं केला. "मला बी तात्याचंच झालंय का, बगा." मी दोऱ्यानं टोचून बघितलं. त्यांनाही कळलं नाही. शुगरही निघाली, आणि ती कधीपासून होती कुणास ठाऊक. एवढ्या ढेकरांच्या तपासण्यांत त्यांच्या पायांकडं कुणी बघितलंच नव्हतं. पण फोड वरवरचा होता. हाड ठीक होतं, बोटं गुलाबी आणि उबदार होती, म्हणजे रक्त पोचत होतं.

येमुल आले. आता ते तयार झालेले आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "अर्ली डायबेटिक पॉलीन्यूरोपॅथी."

रावसाहेब पुढं काही येतंय का म्हणून थांबले. "एवढंच?"

"एवढंच. ड्रेसिंग करू, गोळ्या देतो, अनवाणी चालू नका."

रावसाहेबांनी ते नाव मनात म्हणून बघितलं असावं. एका दमात झालं. त्यांचा चेहरा पडला. "तात्या, तुज्यापरीस लई लहान हाय की रं."

तात्यांनी वाकून बूट काढला, मोजा काढला आणि आपला पाय त्यांच्या पायाशेजारी स्टुलावर ठेवला. "लहान हाय तवर आलास," ते म्हणाले. "नाव कशाला मोजतोस? बोटं मोज."

रावसाहेबांनी खरंच मोजली. आधी तात्यांची, मग स्वतःची. मग त्यांनी येमुलांना सांगितलं, "बांदा पट्टी."

निखिल यांची पॉलिसी अजून आहे. मी मात्र आता सगळ्यांना, वर आणि खाली, आधी ग्रीक सांगते आणि मग शेपटीकडून सोडवून मराठीत सांगते. इतक्या वर्षांत मला एवढंच कळलंय की मराठीत सांगितलं की माणसाला कळतं आणि ग्रीकमध्ये सांगितलं की पटतं. नुसतं कळून कुणी ऑपरेशनला तयार होत नाही. फक्त तात्यांची तपासणीची तारीख असते त्या दिवशी मला फार बोलावं लागत नाही. ते ओपीडीच्या बाकावर बूट काढूनच बसतात.